आवकवाल्या बाईंची सहा प्रमाणपत्रं

आवकवाल्या बाईंकडे स्त्री-पुरुष समानतेची सहा प्रमाणपत्रं होती, आणि अमरावतीच्या उन्हाळ्यात वीज गेली की त्यांतलंच एक काढून त्या वारा घालायच्या. "जाड कागद हाये," म्हणायच्या, "इतकं तरी कामी येते."

मानवी हक्कांसाठी नेमलेल्या एका आयोगाच्या विभागीय कार्यालयात त्या होत्या. पाटीवर 'राष्ट्रीय' असं मोठ्या अक्षरांत, आत तीन खोल्या. आलेल्या अर्जावर शिक्का मारून नंबर टाकायचा, हे त्यांचं काम. म्हणून आवकवाल्या बाई. दर वर्षी दिल्लीहून पत्र यायचं: अकोल्याला समानतेचं प्रशिक्षण आहे, निर्णय घेणारा एक अधिकारी पाठवा. दर वर्षी साहेब त्यावर लिहायचे, 'महिलांचा विषय आहे, बाईंना पाठवावे.' की निघाल्या बाई एसटीने. सहा वर्षं. हॉटेलातलं जेवण, गटचर्चा, फोटो, प्रमाणपत्र. ज्याच्या सहीने बायकांचे अर्ज बंद होतात, तो माणूस त्या हॉलमध्ये एकदाही बसला नाही. वर गेलेल्या अहवालात मात्र 'कार्यालय प्रशिक्षित'. ही फसवणूक आहे. मी तिला दुसरा शब्द वापरणार नाही.

खरं प्रशिक्षण बाईंच्या टेबलाशी चालायचं, पण तिथं शिकायला कोण येणार? कुणी अर्ज घेऊन आली की आधी खुर्ची, मग पाणी. नवऱ्याचं नाव अगदी शेवटी, तेही रकाना आहे म्हणून. आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नोंद: फोन कोणाचा, कधी करायचा, घरी पत्र चालेल का. मी पहिल्यांदा आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिथं भांडायला गेले, तेव्हा मलाही आधी खुर्चीच मिळाली. "भांड, माय. पन बसून भांड. उभ्यानं दम लागते."

वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगवर काम करणाऱ्या एका बाईला मीच त्यांच्याकडे नेलं होतं. मुकादम अंगचटीला यायचा. ठाण्यात गेली, तर 'नवऱ्याला घेऊन ये' म्हणून हाकललं. तक्रार त्या पोलिसांविरुद्ध होती, आणि नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. बाईंनी कोपऱ्यात लिहिलं: 'घरी पत्र नको. फोन दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, मैत्रिणीच्या नंबरवर.'

साहेबांनी पत्र घरी पाठवलं. नवऱ्याच्या नावाने. 'सुनावणीस पत्नीसह उपस्थित राहावे.'

आठ दिवसांनी ती एकटीच आली. ओठ फुटलेला. अर्ज मागे घेतला, अंगठा उठवला, गेली. साहेबांनी शेरा मारला, 'तक्रारदारास स्वारस्य नाही.' मी केबिनमध्ये घुसले. "कोपऱ्यात लिहिलं होतं ना, साहेब!"

"पेन्सिलीचं आम्ही ग्राह्य धरत नाही, मॅडम."

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. तिचं नाव, गाव, मुकादम, ठाणं, सगळं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

"छाप म्हून तिनं सांगतलं काय तुले?"

"नाही, पण..."

"मंग? साहेबानं बी तिले इचारलं नाही, तुनं बी नाही. मले तं दोघाईत फरक दिसून नाही राहिला."

इतकं लागेल असं मला कुणी बोललं नव्हतं. राग आला. अजूनही येतो, कारण खरं होतं.

सातव्या वर्षीचं पत्र आलं, तेव्हा बाईंनी साहेबांच्या शेऱ्याखाली, या वेळी शाईने, लिहिलं: 'मी सहा वेळा शिकले. आता सही करणाऱ्यांना पाठवावे.' बदल्यात मेमो मिळाला, आणि मागची रेकॉर्डची खोली. निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच होत्या, खिडकी नसलेल्या जागी. निरोपाला साहेबांनी शाल दिली आणि 'आमच्या कार्यालयाची माउली' म्हणाले. माउली! माणूस म्हणून ऐकायचं नसलं की हे लोक बाईला माउली करतात.

यंदा अकोल्याच्या प्रशिक्षणात बोलायला मला बोलावलं. मी आधी यादी मागवली. अकरा नावं, सगळ्या कारकून बाया. 'आता सही करणाऱ्यांना पाठवावे' हे बाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहून मी यादी परत पाठवली आणि शाबासकी घ्यायला तिवस्याला त्यांच्या घरी गेले.

"बरं केलं," इतकंच म्हणाल्या आणि जेवायला वाढलं. घड्याळात एक वाजला, तशी त्यांनी अर्धवट ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि फोन मांडीवर घेऊन बसल्या.

"कोणाचा यायचा आहे?"

"त्या वरूडवालीचा. अर्ज मांगं घेतला ना, त्या दिवशी माहा नंबर देल्ला तिले. एक ते दोनमंधी कर म्हनलं."

"आला कधी?"

"नाही आला अजून."

मी साहेबांबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"तू जेव, माय. पन हळू बोल. वाजला तं आयकू आला पाह्यजे."

दोन वाजले, फोन वाजला नाही. मग त्यांनी गार झालेलं ताट पुन्हा पुढे ओढलं.