उकडहंडी लावतात

यंदा थंडी पडली तशी सुनेनं विचारलं, उकडहंडी कुकरमध्ये केली तर चालेल का. बोईसरच्या कारखान्यातल्या नोकरीतून तिला एक रविवार मिळतो. खरं तर मला हेच हवं होतं. कोनफळं सोलून हात खाजवत बसायचं, चुलीपाशी ठाण मांडायचं, भरली हंडी फडक्यात धरून आसडायची, आतल्या भाज्या वरखाली करायच्या, हे आता गुडघ्यांना आणि मनगटांना झेपत नाही. मी थकलेय असं सगळ्यांना सांगते. कोणाला पटत नाही, कारण जीभ थकलेली नाही. पण ‘चालेल’ म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आडवा आला. कुकरातल्या भाजीला उकडहंडी म्हणायचं कसं? आणि नको म्हणावं, तर चुलीपाशी बसायचं कोणी? मीच.

हा शब्द मला पहिल्यापासून छळतो. लग्न होऊन मी मनोरहून या किनाऱ्याकडच्या वाड्यांत आले ती मॅट्रिक पास होऊन, म्हणजे अकलेचा कांदाच. आमच्या घरी हा पदार्थ होत नसे. सासूबाई वाडीत कामाला जाता जाता म्हणाल्या, “आज उकडहंडी लाव गो.” कुंभाराकडून नुकतीच नवी हंडी आली होती. मी शब्दाची फोड केली. हंडी उकडायची, त्यात काय एवढं. घासली, पाण्यानं भरली, चुलीवर चढवली आणि दुपारपर्यंत रटरटवली. पाणी आटलं की परत ओतत होते, तडकू नये म्हणून. वालपापडी, वांगी, रताळी सुपात तशीच. सासूबाई वाडीतल्या बायकांना जेवायला घेऊन आल्या, झाकण उचललं, बराच वेळ आत बघत राहिल्या. मग त्या बायकांना म्हणाल्या, “शिकलेली हाय ना. पाणी कसं मऊ शिजवलंय बघा.”

पुढं शिकले. उकडहंडी करत नाहीत, लावतात. आत नुसत्या भाज्या रचायच्या, पाणी नाही, ते वर झाकणात. डाव घालून ढवळायचं नाही, भाज्या आपल्याच घामात शिजतात. घरात हा शब्द माणसांनाही लागायचा. कोणी रुसून कोपऱ्यात बसलं की सासूबाई म्हणत, हंडी लागलेय, झाकण काढू नका. एकदा मी रुसले आणि दिवसभर मला कोणी हाक मारली नाही. मला वाटलं, वचक बसला. भूक लागली तेव्हा अर्थ कळला.

तर शेवटी मी सुनेला हो म्हटलं, नावाचं काही बोललेच नाही. रविवारी तिनं हिरवं वाटण चोळून सगळं कुकरात रचलं, शिट्ट्या झाल्या, जेवायला बसलो. चव बरी होती. वांग्यांनी तेवढा जीव सोडला होता. ती घासाघासाला माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी खाली बघून जेवत होते. हो-नाही करण्यापेक्षा गप्प राहायला कष्ट कमी पडतात.

दुपारी आडवी झाले. सून बाहेर ओट्यावर तिच्या आईशी फोनवर बोलत होती. आज काय केलंस, असं आईनं विचारलं असावं. ती आवाज उतरवून म्हणाली, “काय नाय गं, मिक्स भाजी केली.”

मिक्स भाजी. हॉटेलात मिळते तशी. माझ्यामागं या घरात हंडी राहणार नाही, हे मी कधीचंच धरून चालले होते. शब्दही राहणार नाही, हे धरलं नव्हतं. आणि तो तिनं माझं तोंड बघूनच खाली ठेवला होता. अंग उचलवेना, म्हणून पडल्या पडल्याच हाक मारली.

“मिक्स भाजी कुठली गो? उकडहंडी लावली, तसं सांग तिला.”

मग तिनं फोनवर नीट सांगितलं, वर ‘आईच म्हणाल्या’ अशी पुस्तीही जोडली. पुढच्या रविवारी परत लावणार म्हणे. कोनफळं तीच सोलणार होती. मी कूस बदलली.