भात्याचं चामडं

केनवडच्या आसपासच्या लोहारांनी कधीच विजेचे पंखे बसवले, पण भाऊसिंग लोहाराचा चामड्याचा भाता अजून फुसफुसतोच आहे. साखळी ओढायला बायको, रंगूबाई. तिचा हात जरा घाईचा. तो घाईत पडला की विळ्यावरचा हातोडा थांबवून भाऊसिंग खेकसणार, "अवं, भरू दे पयले, मंग दाब! रिकामा भाता दाबून जाळ होते काय?" लग्न झाल्यापासून ती हे ऐकते आहे आणि लग्न झाल्यापासून नाक मुरडते आहे.

यंदा मात्र भाता ठणठणीत आणि भाऊसिंगच धापा टाकू लागला. ओटा चढला तरी दम. रंगूबाईने त्याला ओढत वाशिमला नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टर सपना मॅडमनी छातीवर मशीन फिरवून पडद्यावर त्याचं हृदय त्यालाच दाखवलं. दाबतंय झकास, म्हणाल्या, पण सैल पडत नाही. वर्षानुवर्षं बीपीकडे काणाडोळा केलात, त्या ताणानं स्नायूच्या पेशी जाड आणि ताठर झाल्या. आवळतात जोरात, मोकळं व्हायला कुरकुरतात. मग रक्त नीट भरत नाही, मागे फुप्फुसांत तुंबतं.

"म्हंजे भात्याचं चामडं कडक झालं," भाऊसिंग म्हणाला.

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या, आणि इथेच घोळ झाला.

कडक चामड्याचा इलाज भाऊसिंगला कोणी शिकवायला नको होता. ओलं ठेवायचं, तेल पाजायचं. आणि मॅडमनी दिली काय, तर लघवी जास्त होणारी गोळी! वर मीठ कमी, पाणी बेतानं. ही तर चामडं वाळवायची तऱ्हा झाली. स्वारीने गोळ्या गुपचूप भट्टीत टाकल्या आणि वाटी वाटी तूप, तांब्यावर तांब्या पाणी सुरू केलं. थोड्याच दिवसांत पाय सुजून भोपळे झाले. एके दुपारी जेवून आडवा झाला, तर श्वासच येईना. रंगूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. भट्टी जळती सोडून तिने रस्त्यावरची पहिली जीप थांबवली.

दवाखान्यात धाप जरा ओसरल्यावर मॅडमनी विचारलं, "काका, गोळ्या का सोडल्या?"

"चामडं सुकून गेलं असतं, मॅडम."

मॅडमना आधी काही समजेना. समजलं तेव्हा रागावायचं विसरून त्या हसल्या. "अहो, भात्याचं चामडं मेलेलं असतं. ते तेल पितं. तुमचं जिवंत आहे. त्याला तूप-पाण्याचं ओझं नको, भरायला उसंत हवी."

जिवंत आहे म्हटल्याबरोबर भाऊसिंगचे डोळे भरून आले. आपल्याला मरायची भीती वाटते, हे त्याने रंगूबाईलाही कधी कळू दिलं नव्हतं. ती खाटेशी बसून सगळं पाहत होती. पदराने तिने त्याचं तोंड पुसलं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी स्टँडवर उतरताच गडी निघाला तरातरा. विळे पडले होते, लोक खोळंबले होते. चौकापर्यंत जाईस्तोवर धाप लागली. रंगूबाईने बाही धरून त्याला एका दुकानाच्या ओट्यावर बसवलं.

"चाल ना वं, भट्टी वाट पाहून राह्यली."

"काहून घाई करता? भरू द्या पयले, मंग चाला."

भाऊसिंगने नाक मुरडलं, आणि भिंतीला टेकून श्वास भरू लागला.