साबण पाजलेली जमीन

आमच्या लांगलँड बेटावर डॅग्नी लिनेगोरला कुणी विचारलं, की बाई, आयुष्यभर केलंस काय, तर ती सांगायची, "जमिनी धुतल्या." त्यात लाज नव्हती आणि मिरवणंही नव्हतं. चौतीस वर्षं तिने गावच्या शाळेच्या लाकडी जमिनी धुतल्या आणि दर शनिवारी स्वतःच्या घरची. मी तिची शेजारीण, इंगेर. आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त एक कुंपण, तेही गुडघ्याएवढं.

तिच्या घरात पाइनच्या रुंद फळ्या होत्या. त्यांना रंग नाही, वार्निश नाही. कोऱ्या लाकडाला आधी क्षाराचं पाणी द्यायचं, म्हणजे ते पिवळं पडत नाही. मग पांढऱ्या साबणाचा चुरा विरघळवलेलं कोमट पाणी, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आणि लगेच पिळलेल्या फडक्याने टिपून घ्यायचं. डॅग्नी याला जमिनीला साबण पाजणं म्हणायची. पन्नास वर्षं पाजून तिची जमीन ताकासारखी पांढरट झाली होती आणि अनवाणी पायाला इतकी मऊ लागायची, की तिच्याकडे मोजे घालून बसायला जीवावर यायचं. माझी जमीन कधी तशी झाली नाही. त्याचं कारण ती मला तोंडावर सांगायची, की तू एकाच बादलीत उरकतेस. एकीत साबण, दुसरीत फडकं पिळायला साधं पाणी, अशा दोन हव्यात. मी म्हणायचे, जमीन आहे की जावई? ती हसायची आणि पुढच्या शनिवारी परत तेच सांगायची.

तिचा नवरा होल्गर फेरीबोटीवर होता. घरी आला की खिडकीपाशी डोलखुर्चीत बसायचा. त्या एकाच जागी डोलून डोलून फळ्यांत दोन खाचा पडल्या होत्या. तो गेला, खुर्ची माळ्यावर गेली, खाचा राहिल्या. पुढे डॅग्नीची नजर गेली. कडेकडेचं धूसर दिसायचं, समोरचं काहीच नाही. एकदा मी विचारलं, एकटी कशी गं वावरतेस? तर म्हणाली, पायांनी. बिछान्यापासून नऊ पावलं, होल्गरच्या खाचा लागल्या की डावीकडे वळायचं, चार पावलांवर शेगडी. हे तिने मला एकटीलाच सांगितलं होतं. पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं, म्हणून आत्ताच कबूल करते.

गेल्या शरदात ती अंगणात सफरचंदं गोळा करताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती इस्पितळात असताना नगरपालिकेच्या मेरेटेबाई घर बघून गेल्या. ओली झाली की अशी जमीन निसरडी होते, काहीतरी करा, असं त्यांनी लिहिलं. आणि घरी आल्यावर डॅग्नी बिछान्यापासून शेगडीपर्यंत एकटी चालून कॉफी करू शकली, तरच ती या घरात राहील. नाहीतर वृद्धाश्रम.

तिचा मुलगा अस्गर ओडेन्से शहरातून आला. छप्पन वर्षांचा, कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. दहा दिवसांची रजा काढून आला होता, जमीन यंत्राने घासून, गडद रंग देऊन वर न घसरणारं वार्निश चढवायला. आईला घरी ठेवायची होती त्याला, मनापासून. मी विचारलं, तिला विचारलंस का? तर म्हणाला, "मावशी, तुम्ही दोघींनी गुडघे झिजवलेत तेवढे पुरेत. आता हे मला ठरवू दे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कर बाबा काय करायचं ते. माझ्याकडची तिच्या घराची किल्ली त्याच्या हातात आपटली आणि घरी येऊन बसले. खाचांबद्दल बोलायला हवं होतं. पण मला राग आला होता, आणि रागात मी गप्प बसते, हा माझा जुना रोग आहे.

अस्गरला साबणाचा वासच नको असायचा. तो शिकला त्याच शाळेत आई जमिनी धुवायची, आणि पोरं त्याला साबण्या म्हणून चिडवायची. डॅग्नी व्हरांड्यात गुडघ्यांवर बसलेली असायची, त्यामुळे तिला फक्त बूट दिसायचे. मला सांगायची, सगळ्या पोरांत अस्गरचे बूट आवाजावरून ओळखते मी. बाकीची पोरं 'नमस्कार' म्हणायला थांबायची. ते बूट थांबायचे नाहीत.

डॅग्नी घरी आली त्या दिवशी जमीन अक्रोडासारखी तपकिरी झाली होती. गुळगुळीत, चकाकणारी, एका पातळीत. मेरेटेबाई दारात वही घेऊन उभ्या. डॅग्नीने बूट काढले, मोजेही काढले, आणि बिछान्यापासून निघाली. नऊ पावलं झाली. ती थांबली. पायाने इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. दहावं पाऊल, अकरावं, मग हात पुढे करून चालत राहिली ती भिंतीला लागेपर्यंत.

"अस्गर, मी कुठे आहे रे?"

"घरीच आहेस, आई."

"नाही," ती म्हणाली. बस, एवढंच.

मेरेटेबाई माणूस चांगल्या. त्यांनी वही मिटली आणि तीन आठवडे दिले. तोवर डॅग्नीला वृद्धाश्रमात तात्पुरती खोली मिळाली. ती गेल्यावर मी अस्गरला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, मावशी, तुला ठाऊक होतं? होतं, म्हटलं.  त्याने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा वाढवून घेतली आणि सकाळीच माझ्या दारात येऊन बादली मागितली; आईच्या दोन्ही रंगाने खराब झाल्या होत्या. दोन लागतील, मी म्हटलं, आणि लाज वाटली, कारण माझ्याकडे एकच होती. दुसरी विकत आणली.

वार्निश सहज निघालं. फळ्यांच्या सांध्यांत जुना साबण होता, तिथे ते धरलंच नव्हतं, पापुद्रे सुटत होते. पण तपकिरी रंग रेषांत खोल गेलेला. पुन्हा यंत्र फिरवावं लागलं, आणि खाचांचं जे काही पुसट उरलं असेल तेही गेलं. मग हातमोजे घालून क्षाराचं पाणी. ते सुकल्यावर साबण, चार वेळा, दर वेळी मध्ये एक दिवस सोडून. जमिनीबरोबर अस्गर फळीचा एक तुकडाही तसाच करायचा आणि दुपारी आईकडे घेऊन जायचा, मीही सोबत असायचे. ती अंगठा फिरवून सांगायची, साबण जास्त झाला, चिकट लागतंय. नाहीतर, पाण्याने लाकडाचे केस उभे राहिलेत, बारीक काचकागद मार. मायलेकरं इतकं बोलताना मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती.

शेवटी त्याने माळ्यावरून डोलखुर्ची उतरवली. मला आठवत होती ती जागा मी दाखवली, त्याने खुर्ची तिथे ठेवून पेन्सिलीने खूण केली आणि पटाशीने दोन खाचा कोरल्या. काचकागदाने गुळगुळीत केल्या, साबण पाजला. मला शपथ घातली, की आईला सांगायचं नाही.

तीन आठवड्यांनी डॅग्नी पुन्हा त्याच बिछान्यापासून निघाली. नवव्या पावलाला थांबली.  तिच्या पायाचा अंगठा खाचेत गेला, तिथल्या तिथे एकदा पुढे, एकदा मागे झाला. मग दुसऱ्या खाचेत. बराच वेळ ती उभीच. मग डावीकडे वळली, चार पावलं टाकली आणि किटली उचलली. चौघांना पुरेल एवढी कॉफी केली. मेरेटेबाईंनी तिथेच सही केली. अस्गर कॉफी न पिताच अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

सगळे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो.

"इंगेर, या खाचा कुणी केल्या?"

"कुणी म्हणजे? होल्गरच्याच आहेत," मी ठोकून दिलं.

"होल्गर डावीकडे रेलून बसायचा. त्याची डावी खाच खोल होती. या दोन्ही सारख्या आहेत, मोजून केलेल्या." तिने पुन्हा अंगठा फिरवला. "अस्गर गुडघ्यांवर बसला होता का गं?"

"तीन आठवडे," मी म्हटलं. शपथ गेली खड्ड्यात.

"मला दिसलं नाही ते." तिचे डोळे भरून आले होते. पुसायची सवयच नव्हती तिला, ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "कसा दिसत होता, सांग ना."

मी सांगितलं. विजारीचे गुडघे ओले, केसांत भुसा, आणि ओठ आवळलेले, तुझ्यासारखेच. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आणि दोन बादल्या घेतल्या होत्या ना त्याने?"

"दोन होत्या," मी म्हटलं.