खडीसाखरेचे नातलग

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, घरजावई होते, त्यात कोकणातले आणि त्यात विद्वान. लोणावळ्याच्या भुसार दुकानदाराच्या घरात एवढं पाप पुरे असतं.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. भाजे गावाजवळ रेल्वेसाठी खडी फोडत. काळ्या दगडाच्या पोकळीत गोल पांढऱ्या चकत्या सापडत, मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत किरण फुटलेल्या. दाजींनी इंग्रजी पुस्तकात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, कँब्रियन काळातल्या जेलीफिशसारख्या जीवाश्मांची चित्रं पाहिली होती. झालं! मावळात समुद्र आला.

आईच्या सुपात त्यांनी चकत्या ओळीनं मांडल्या. मोहरीएवढ्या चकतीपासून पुरीएवढ्या चकतीपर्यंत.

"हे बाळ, हा तरणा, हे आजोबा. वय वाढतं तसे किरण लांबतात. आता एवढंच ठरवायचं, यांचं नातं जेलीफिशशी की पोवळ्याशी."

"दाजी," मी म्हटलं, "आजोबा नि नातू एकाच दिवशी गेले? प्लेग होता का?"

दाजी तराजूला हात लावत नसत. लावला की सासऱ्याचे नोकर झालो, असं त्यांना वाटे. वडिलांनी पैज टाकली, "जावईबापू, पुण्याचे दगडांचे प्रोफेसर हो म्हणाले तर मागची खोली तुमच्या माशांना. नाही म्हणाले तर उद्यापासून तराजू."

प्रोफेसर आले. अर्धी आळी ओसरीवर जमली. त्यांनी सुपातल्या आजोबांना उन्हात धरलं, भिंग लावलं.

"वाढ आहे," ते म्हणाले. दाजींचा चेहरा काय फुलला! "पण स्फटिकाची. हा खडक लाव्हारसाचा. आगीत कुठला जेलीफिश पोहणार?"

"मग नातं?" दाजींनी हळूच विचारलं.

प्रोफेसरांनी दुकानाकडे बोट केलं. "त्या बरणीतल्या खडीसाखरेशी."

काय हशा पिकला! सगळ्यांत मोठ्यानं बहीण हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी दुकानाच्या गादीवर. तराजूचं एक पारडं हलकं होतं. वडिलांनी पासंग म्हणून आजोबांनाच दोरीनं त्याला बांधलं. पहिलं गिऱ्हाईक बेडसे गावचा म्हातारा, काल ओसरीवर हसणाऱ्यांतला. त्यानं खडीसाखर मागितली. दाजींनी एक खडा उचलला, उजेडात धरला आणि बघतच राहिले.

"आवं जावईबापू," म्हातारा म्हणाला, "टाका की पारड्यात! पवून न्हाई जायाचा त्यो!"

दाजींनी खडा पारड्यात टाकला. समोरच्या बाजूला आजोबा सावकाश वर गेले.