दारात घेतलेले तीन श्वास

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढता ओढता वाळूत बसला, तो परत स्वतःच्या पायांनी उठला नाही. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तोंडातून फक्त एक लांबट हुंकार निघायचा. पाणी हवं असलं तरी तोच, राग आला तरी तोच.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मी दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी मी आणि एक म्हातारे कंपाउंडर, एवढाच दवाखाना.

सकाळी नवऱ्याला पुसून, पेज भरवून मी निघायचे. दिवसा शेजारीण मधूनमधून डोकावायची. दवाखान्यात असले की माझं मन घरात, आणि घरी आले की दवाखान्यात ठेवून आलेल्या बाळंतिणीपाशी. झोप कमी, जेवण उभ्या उभ्या. एक दिवस एक अडलेली पोर सारखी ओरडत होती, म्हणून मी तिच्या मांडीवर चापट मारली. सतरा-अठराची असेल. ती ओरडायची थांबली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

कंपाउंडरांनी ते पाहिलं होतं. ते इन्सुलीकडचे, फार न बोलणारे. संध्याकाळी औषधाच्या बाटल्या धुताना त्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत.

"बाये, हात धुतस तेव्हा हातच धू," ते म्हणाले. "पाणी थंड आसा काय गरम, ताच बघ. घराकडला तेवढो वेळ घराकडे ऱ्हवांदे."

घरी गेल्यावर काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. दारात थांबायचं, पिशवी खाली ठेवायची, पायाखालची जमीन कळेपर्यंत उभं राहायचं. तीन श्वास घ्यायचे. जे आवाज येतील ते येऊ द्यायचे, त्यांच्यामागे धावायचं नाही. मग आत जायचं. देवाचं नाव वगैरे काही नाही.

मला आधी हसू आलं, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. करू लागले. मासळी साफ करताना खवल्यांकडेच बघायचे. नवऱ्याने डाव्या हाताने पेजेची वाटी उडवली, तर आधी सांडलेली पेज पुसायचे. राग यायचा, पण तो हातात उतरण्याआधी मला दिसायचा. दवाखान्यात माझा आवाज खाली आला.

माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. मी शांत झाले की हळूहळू तोही सुधारेल, असं मी धरून चालले होते. रोज त्याच्या उजव्या हाताची बोटं उघडून बघायचे. ती तशीच मिटायची.

मसुऱ्याच्या आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस होता. शेजारीण सकाळी विचारायला आली, जाऊ का म्हणून. मी जा म्हटलं. दुपारी मीच घरी चक्कर टाकणार होते. पण खाडीपलीकडून एका बाईला होडीतून आणलं. मूल पोटात आडवं होतं. चार वाजता ते बाहेर आलं, मेलेलं. मी सगळं आवरलं, हात सावकाश धुतले आणि घरी निघाले.

दार अर्धवट उघडं होतं. मी पिशवी ठेवली आणि उभी राहिले. पहिल्या श्वासाला माडावरचा कावळा ऐकू आला, दुसऱ्याला समुद्र. तिसऱ्याला आतून त्याचा हुंकार आला, बारीक. बाकीच्या आवाजांसारखाच मी तोही येऊ दिला. आजच्या दिवशीसुद्धा आपल्याला स्थिर राहता आलं, याचं मला बरं वाटलं, हे मला स्पष्ट आठवतं.

आत गेले तर तो खाटेवरून पडून भिंत आणि खाट यांच्या फटीत अडकला होता. चांगला असलेला डावा हात अंगाखाली सापडला होता. ओठांच्या कडेला मुंग्या होत्या. पडल्या जागेवरून दार दिसत होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी कंपाउंडरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तीन श्वासान काय व्हता? तो दुपारपासून पडललो." ते खरंच होतं. तरी मी विचारलं, "तुमी घराकडे गेल्यार दारात थांबतास?"

त्यांनी हातातली गोळ्यांची पुडी बांधून बाजूला ठेवली.

"माझ्या घराक कोण आसा?" ते म्हणाले. "बायल गेली, तेच्यानंतर शिकलंय ह्या. ती आसताना माका कधी जमला नाय."

डावा हात मग कधीच नीट झाला नाही. त्यानंतर मी दारात थांबले नाही. पायरीपासूनच धावत आत जायचे, धापा टाकत. पण माझी चाहूल लागली तरी तो आता हुंकार देत नसे. माझा राग परत आला. एकदा पेज तोंडातून बाहेर काढली म्हणून मी त्याच्या गालावर मारलं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं, एवढंच.

आणखी अडीच वर्षं तो जगला. भाद्रपदातल्या एका दुपारी, मी कामावर असताना गेला. शेजारीण सांगत आली तेव्हा माझ्यासमोर तपासायची बाई होती. तिला तपासून मी घरी गेले. लोक म्हणाले, तो सुटला आणि तूही सुटलीस.

पुढे बदली मागून मी कणकवलीला गेले. तिथे नोकरी संपेपर्यंत कुणाशीही आवाज चढवून बोलले नाही. लोकांना तो माझा स्वभाव वाटायचा.