चिंधी बांधलेला दोडका

शेजारच्या चाचींच्या आणि आमच्या परसात फक्त एक तारेचं कुंपण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे परस हाच माझा वर्ग. पण माझी गवार कायम रुसलेली आणि चाचींच्या मांडवाला दोडके लोंबलेले. मला त्याचा हेवा वाटायचा, कबूल करते.

गेल्या चैत्रात चाची लेकीच्या बाळंतपणाला हिंगोलीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "बाई, माझ्या येलाला पानी घालत जा. दोडके निघतील ते तुमीच खा." मी रोज सकाळी दोन बादल्या घातल्या. तरी आठ दिवसांतच उन्हानं वेल पिवळा पडला, फुलं गळली. शेवटी एकच दोडका उरला, सरळ, लांब, कोवळा. त्याच्या देठाला हिरव्या ओढणीची चिंधी बांधलेली होती.

नजर लागू नये म्हणून बांधली असेल, असं मी आपलं ठरवून टाकलं. त्यात त्या दिवशी नणंदबाई न सांगता जेवायला हजर, आणि घरात भाजीच्या नावानं ठणठणाट. 'तुमीच खा' असं चाची म्हणाल्याच होत्या. मी गाठ सोडली, चिंधीची नीट घडी घालून ती चिमट्यानं तारेला लावली आणि दोडका तोडला. मूगडाळ घातलेली ती भाजी नणंदबाईंनी दोनदा मागून घेतली, आणि मी फुशारले.

चार दिवसांनी चाची परतल्या त्या थेट वेलाकडेच गेल्या.

"बाई, चिंधीवाला कुठं गेला? बियाला ठेवला व्हता मी. अम्मीचं बी हाय ते, डोंगरकडा गावचं. ती गेल्यापासून दर साली एक राखते."

आयुष्यभर लेकरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि तोंडातून निघालं काय, तर "वानरं आली होती, चाची."

त्यांनी एकदा तारेकडे पाहिलं. "वानरं लई माजलेत," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या राखेची डबी घेऊन आल्या. कीड लागू नये म्हणून राखेत ठेवलेल्या चार बिया होत्या. "एवढ्याच उरल्या. ह्या साली तुमच्या दारात लावा. तुमच्याकडं वानरं येत न्हाईत." मी हात पुढे केला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, पण तरीही डबी घेऊन मी तशीच घरात गेले.

चारांतल्या दोनच उगवल्या. यंदा त्या वेलांना मी लेकरासारखं जपलं. पहिला चांगला दोडका धरला तेव्हा जुन्या साडीचा काठ फाडून बांधायला गेले, तर चाची कुंपणाशी उभ्या. त्यांनी हात पुढे केला. हातात तीच हिरवी चिंधी.

"ही बांधा."

"ही कुठे सापडली?"

"तारंवरच व्हती की. घडी घालून, चिमटा लावून."

"चाची, मीच..."

"ठावं हाय मला. गाठ पक्की मारा."

माझ्या बोटांना गाठ जमेना. मग त्यांनी तारेतून हात घालून देठ धरून ठेवला.