बारशाआधीची माणसं: सटाणा, हरसूल आणि परत नाशिक रोड

आधीच सांगून टाकते, मला प्रवास सोसत नाही. निघताना गॅस बंद आहे का ते मी तीनदा बघते आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा बघायला परत येते. माझी लेक म्हणते, "आई, तू म्हणजे काळजीचं दुकान आहेस." तिनेच मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं आणि हा ब्लॉग उघडून दिला. तर अशा बाईला मागच्या हिवाळ्यात देवरे साहेबांनी विचारलं, "मॅडम, दोन दिवस जीपनं फिरायचंय. सटाणा आणि हरसूल. याल?" आणि मी चक्क हो म्हणाले. का म्हणाले ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी नाशिक रोडला शाळेत शिकवते. दोन हजार एकच्या जनगणनेत घरोघरी जाणाऱ्या शिक्षकांना तयार करायचं काम माझ्याकडे होतं. देवरे साहेब सांख्यिकीच्या कचेरीतले, तेव्हापासून ओळखीचे. माणसं आणि घरं कशी मोजायची याचे सगळ्या जगासाठी एकसारखे नियम असतात. ते अधूनमधून दुरुस्त होतात. परदेशात तज्ज्ञ मंडळी बसून मसुदा करतात आणि मग निरनिराळ्या देशांत थोड्याशा घरांमध्ये ते प्रश्न विचारून बघतात. आपल्याकडे त्यासाठी नाशिक जिल्हा निवडला होता. साहेबांनी आम्हा शिक्षकांकडून सूचना मागवल्या होत्या. मी एकच ओळ लिहून दिली: "ज्याचं अजून नाव ठेवलेलं नाही असं बाळ घरात आहे का?" फॉर्मचा पहिला रकाना नावाचा असतो ना, म्हणून.

एक्क्याण्णवच्या जनगणनेत आमच्याकडे माणूस आला तेव्हा माझी पहिली मुलगी नऊ दिवसांची होती. सासूबाईंनी दारातून सांगितलं, "चार माणसं." सासरे, त्या, माझे मिस्टर आणि मी. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकत होते. बारशाला दोन दिवस राहिले आणि ती गेली. न्यूमोनिया. जन्माच्या आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'मुलगी' आहे. गणनेचा जो क्षण ठरलेला असतो त्या क्षणाला ती जिवंत होती, आमच्या घरात होती, नियमाने मोजली जायलाच हवी होती. त्या 'चार'चा राग मी सासूबाईंवर पंधरा वर्षं धरून होते. आणि खरं लिहायचं तर मीही आतून ओरडले नाही, "पाच आहोत," म्हणून. दृष्ट लागेल अशी मलाही भीती वाटली होती.

म्हणून ती ओळ माझी होती, आणि ती टिकावी म्हणून मी जीपमध्ये बसले.

पहिला दिवस सटाण्याचा. सकाळी सहाला निघालो, थंडी मी म्हणत होती. तुम्ही जाणार असाल तर चांदवडपर्यंत हायवे उत्तम आहे, पुढे देवळ्याकडे वळल्यावर कांद्याचे ट्रॅक्टर समोरून येतात आणि ड्रायव्हरला दमानं घ्यायला सांगा. मी दर वळणावर सांगत होते. पुढच्या सीटवर पाहुण्या होत्या, इंग्रिडबाई. साठीच्या, उंच, डोक्याला मफलर. मसुदा करणाऱ्या मंडळींपैकी एक. त्या इंग्रजीत बोलत, साहेब मराठी करून सांगत.

देवळ्याला चहा घेताना त्या म्हणाल्या, "तुमचा प्रश्न मला आवडला. पण एक जादा ओळ म्हणजे देशोदेशी कोट्यवधी कागदांवर छापायची ओळ. जिच्यातून काही निघत नाही ती आम्ही काढून टाकतो."

"म्हणजे दोन दिवसांत एक तरी बाळ निघायला हवं," साहेब म्हणाले. "नाहीतर मॅडम, गेली तुमची ओळ."

माझा चहा तसाच राहिला. साहेबांनी तोही पिऊन टाकला.

सटाण्याच्या आजूबाजूला कांद्याची शेतं, हिरवीगार. बायका वाफ्यात बसून लागवड करत होत्या आणि आम्ही घरोघर फिरत होतो. पहिल्याच दारात एका आजोबांनी विचारलं, "काय काम शे वं ताई?" साहेब मूळचे तिकडचेच, ते लगेच अहिराणीवर उतरले आणि खाटा बाहेर आल्या. नावं, वयं, खोल्या, पाणी कुठलं, सगळं भराभरा झालं. माझी ओळ मात्र मी स्वतः वाचायचे. "नही शे," आजोबा म्हणाले. पुढच्या घरी नाही. त्याच्या पुढे नाही. एका ठिकाणी एक मिशाळ गृहस्थ हसायलाच लागले, "ज्याचं नावच नाही ते तुम्ही लिहिणार कसं?" साहेब म्हणाले, "बाळ म्हणून लिहू." तर म्हणे, "मग त्यानं मोठं झाल्यावर विचारलं तर?" सगळी गल्ली हसली, इंग्रिडबाईसुद्धा, काही कळलेलं नसताना. मीही हसले, पण जीव टांगणीला लागला होता.

दुपारी बसस्टँडजवळ शेवभाजी आणि बाजरीची भाकरी, पोटभर. तिखट अशी की बाईंच्या डोळ्यांतून पाणी, तरी त्यांनी परत मागून घेतली. जरूर खा, सोबत दही मागा. संध्याकाळपर्यंत अठरा घरं झाली आणि माझ्या ओळीपुढे अठरा वेळा 'नाही'.

दुसऱ्या दिवशी हरसूल. त्र्यंबकच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि घाट लागतो, दोन्ही बाजूंना साग आणि वाळलेलं गवत. वरून दरी फार सुंदर दिसते म्हणतात. मी डोळे मिटून बसले होते. मोबाइलची रेंज त्र्यंबकलाच सोडून द्या, घरी तसं आधी सांगून ठेवा. आठवडी बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गावात मिरच्या, सुके मासे, कोंबड्या आणि माणसं यांतून जीप काढायला अर्धा तास गेला. तिथल्या शाळेचे गुरुजी आमच्यासोबत आले आणि आम्ही पलीकडच्या पाड्यावर गेलो. घरं कुडाची, शेणानं सारवलेली, इतकी स्वच्छ की चपला बाहेर काढतानासुद्धा संकोच वाटावा.

सात घरं. सात वेळा "नाय". गुरुजींच्या घरी जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ होती, अशी चव मला नाशिकला कधी मिळाली नाही.

आठव्या घरी भागीबाई ओट्यावर बसल्या होत्या. घरातल्या म्हाताऱ्या, हातात विळा. माणसं किती? "सा." सहा जणांची नावं लिहिली. मी ओळ वाचली.

"नाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

अंगणात दोरीवर मऊ, फाडलेल्या लुगड्याचे चौकोनी तुकडे वाळत होते. दहा-बारा. अहो, ज्या बाईनं लंगोट धुतलेत तिला ते लगेच ओळखू येतात! साहेबांनी पेन बंद केलं, "चला, पुढचं घर." गुरुजी उठले.

मी उठले नाही. काय करावं कळेना. 'नाही' लिहिलं तर ओळ मेली. आणि रेटून विचारलं तर मी कोण? जीपमधून आलेली, सोबत गोरी बाई, अशा परक्या माणसांसमोर आठ-दहा दिवसांचं लेकरू कोण काढील? मी काढलं होतं का?

"मावशी," मी म्हणाले, "मला बाळ दाखवू नका. नाव नको, मुलगा का मुलगी तेही राहू द्या. फक्त आहे का, तेवढं." मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, साहेबांसमोर, गुरुजींसमोर. "माझी नऊ दिवसांची होती. आम्ही नाही सांगितलं. ती गेली तरीही. न सांगून काही राखली गेली नाही हो."

साहेब दुसरीकडे बघायला लागले. इंग्रिडबाईंना कोणी इंग्रजीत काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

आतून, कुडामागून एका पोरसवदा बाईचा आवाज आला. "हाय. आठ दिसांची हाय."

"मंगल, गप गं!" भागीबाई ओरडल्या. विळा खाली ठेवला, कानशिलांवर बोटं मोडली, काहीतरी पुटपुटल्या. मग मला म्हणाल्या, "पयला गेला हिचा. लिव तू. पन तोंडानं बोलू नको."

मी लिहिलं. एक अक्षर न बोलता. 'बाळ, स्त्री, आठ दिवस.' अक्षर इतकं वाकडं आलं की शाळेत मुलांना मी त्याबद्दल मार्क दिले नसते.

परतीच्या घाटात साहेब म्हणाले, "मॅडम, जिंकलात." जिंकले कसली! मला एकच दिसत होतं: आता त्या पोरीला ताप आला तर? सर्दी झाली तर? मी, लोकांना जनगणना शिकवणारी, सबंध वाटभर देवाला म्हणत होते की माझी नजर तिला लागू देऊ नको. हसा खुशाल. तिच्या बारशाच्या दिवशी मी शाळेच्या ऑफिसातून गुरुजींच्या गावात फोन लावला. बोलावून आणेपर्यंत वीस मिनिटं धरून उभी राहिले. "झालं हो बारसं," ते म्हणाले. "पेढे नाहीत, गूळ वाटला. नाव जाई." मी शिपायासमोर रडले.

पुढचं सांगते, कारण ओळीचं काय झालं असं तुम्ही विचाराल. इंग्रिडबाईंचं पत्र काही महिन्यांनी आलं. फॉर्ममध्ये ती ओळ राहिली नाही. सव्वीस घरांत एकच बाळ म्हणजे कोट्यवधी कागदांसाठी कमी पडलं. पण मोजणाऱ्यांसाठी ज्या सूचना सुचवायच्या असतात, त्यांच्या मसुद्यात दोन वाक्यं घातली होती: नाव न ठेवलेली बाळं सांगायची राहून जातात, त्यांच्याबद्दल वेगळं आणि हळुवार विचारावं. 'हळुवार' हा शब्द आपण स्वतः घातला, असं त्यांनी लिहिलं होतं.

पण मला सांगायचंय ते हरसूलहून परत आलो त्या संध्याकाळचं. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. मी बॅगही खाली ठेवली नव्हती, त्यांनी विचारलं, "काय विचारत फिरता गं तुम्ही लोकांना?"

मी ठरवलं नव्हतं, पण बोलून गेले. "नाव न ठेवलेलं बाळ घरात आहे का, असं विचारतो, आई."

त्यांचे हात थांबले. पंधरा वर्षं मनात घोळवलेली सगळी वाक्यं माझ्या ओठांवर होती.

"तो माणूस जिना उतरून गेला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी त्याच्या मागे गेले होते. खालपर्यंत. पाच सांगायचं म्हणून. तो पुढच्या बिल्डिंगमध्ये शिरला आणि मला धीर झाला नाही." मेथीची काडी त्या नुसतीच बोटांत फिरवत होत्या. "शेवंता. मी तिला शेवंता म्हणायचे. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मनातच."

मी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. शेवंता, मी म्हणाले. मोठ्यानं.